पॉवर विंडोचं वायरिंग चेक करायला बल्बवाला टेस्ट लॅम्प, काही महिने वापरून

घरात चांगला डिजिटल मल्टीमीटर असताना हा बारा व्होल्टचा बल्बवाला टेस्टर (दांड्यात बल्ब, पुढे अणकुचीदार टोक, मागे वायरला क्लिप) कशाला घेतला असं बऱ्याच जणांनी विचारलं. आता काही महिने स्वतःच्या आणि ओळखीतल्या गाड्यांवर वापरून झालाय म्हणून लिहितो. काच वरखाली होत नसेल तर आधी हाच हातात घ्या, मीटर नंतर.

मीटर सर्किटमधून करंट जवळपास घेतच नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो. त्यामुळे वायरीतल्या बाकी सगळ्या तारा तुटून एकच काडी शिल्लक असली तरी हा आपला 12 व्होल्ट दाखवणार, आणि कंटिन्युइटीचा (वायर सलग आहे का ते सांगणारा) बझर पण मस्त वाजणार. बल्बला पेटायला खराखुरा करंट लागतो, त्यामुळे कनेक्शन बऱ्यापैकी गेलेलं असेल तर तो मंद होतो नाहीतर पेटतच नाही. आणि पॉवर विंडोमध्ये वायर तुटते कुठे, तर दरवाजा आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत, कारण दार उघडलं की प्रत्येक वेळी ती तिथेच वाकते. बल्ब लावून ठेवा, कोणालातरी स्विच दाबून धरायला सांगा आणि ती नळी हलवा, बल्ब फडफडला की जागा सापडली.

टेस्टर मोटरच्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) दोन पिनांमध्येच लावायचा, क्लिप बॉडीला लावून नाही. कारण साध्या वायरिंगमध्ये स्विच सोडलेला असताना मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला (म्हणजे बॅटरीच्या मायनसला) असतात, दाबला की एकीला सप्लाय येतो आणि दुसरी अर्थलाच राहते, वर-खालीसाठी फक्त अदलाबदल. बॉडीला क्लिप लावली तर अर्थची बाजू तपासलीच जात नाही. दोन्ही दिशांना बल्ब लख्ख पेटला तर संशय मोटरवर (मोटर खूप तापलेली असेल तर आतलं थर्मल कटआउट (तापल्यावर मोटर बंद करणारं) उडालेलं असतं, थोडं थांबून परत बघा). एकाच दिशेला पेटला तर बहुतेक स्विचचा कॉन्टॅक्ट. यात एक गोम आहे, बऱ्याच गाड्यांत बाकीच्या दारांची अर्थ ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधूनच जाते, दोष तिथे असतो आणि लोक मागच्या दाराचा स्विच उगाच बदलत बसतात!

आता काच चालतेय पण रखडत, तिथे बल्ब पुरत नाही. तो जेमतेम पाव अँपिअर घेतो, मोटर पाच-दहा अँपिअर आणि अडकली की त्याहून बरीच जास्त, म्हणून बल्ब लख्ख असूनही लाइन कमजोर असू शकते. इथे मीटरच हवा. स्विच दाबून मोटर चालू असताना कपलरवर व्होल्टेज बघा, बॅटरीला 12.5 आणि मोटरला 9 असेल तर साडेतीन व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत, मग सप्लायची बाजू आणि अर्थची बाजू वेगवेगळी मोजायची.

एलईडीवाला टेस्टर यासाठी घेऊ नका, तो जराशा करंटवर पण पेटतो म्हणजे परत मीटरचाच प्रॉब्लेम. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावू नका. ज्या गाड्यांत स्विच फक्त सिग्नल देतो आणि मोटर दारातलं मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा) चालवतं तिथे सिग्नलच्या वायरीला बल्ब लावायचा नाही, मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थ तेवढे बघा.

बाकी वस्तू म्हणून ठीकठाक. क्लिपची स्प्रिंग सैल झालीय, दांड्याजवळ वायर पिचकायला लागलीय. टोक अणकुचीदार आहे, पण वायरीत खुपसू नका, भोकातून पाणी जाऊन आत तांबं गंजून हिरवं पडतं. कपलरच्या मागून टोक लावायचं, थोडं किचकट आहे पण जमतं.