आर्गॉनचा सिलिंडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टिग वेल्डिंगसाठी आर्गॉन वापरायला लागून आठ महिने झाले. यात टंगस्टनच्या टोकातून विजेचा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, काढून धातू वितळवून जोडतात आणि आर्गॉन त्या जागेला हवा लागू देत नाही. चार सिलिंडर संपले, त्यातला एक फुकट गेला.

आर्गॉन हा राजवायू. शाळेत राजवायूंचा धडा दोन परिच्छेदांत उरकला होता. कशाशी संयोग पावत नाहीत, झालं. त्या आळसाचा उपयोग एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) पहिला नीट जोड निघाला तेव्हा कळला. आर्गॉनच्या आडोशाला थंड झालेला टाका फिकट सोनेरी दिसतो. वायू कमी पडला की निळा, आणि अगदीच उघडा पडला की राखाडी, खरखरीत. चूक कुणी सांगावी लागत नाही.

सुरुवातीला वायूचा प्रवाह दाखवणारा फ्लोमीटर मिनिटाला 20 लिटरवर ठेवायचो. म्हटलं, जास्त सोडला तर जास्त राखण. झालं उलटंच! माझ्या टॉर्चच्या (वेल्डिंगच्या हातातल्या दांड्याच्या) तोंडावरच्या बारक्या कपातून झोत एवढ्या जोरात सुटायचा की भोवरे होऊन बाहेरची हवाच आत ओढली जायची आणि टाक्याला बारीक भोकं पडायची. आता 8 ते 10 वर काम भागतं. पंखा मात्र बंद, घाम पुसत बसायचं. आर्क विझल्यावरही टॉर्च तिथेच धरून आठ-दहा सेकंद वायू वाहू द्यायचा. घाई केली की टंगस्टनचं टोक जांभळं पडतं, मग बसा ते ग्राइंडरवर घासत.

47 लिटरचा सिलिंडर 150 बारने भरला की त्यात साधारण 7 घनमीटर वायू मावतो. मिनिटाला 10 लिटरने निव्वळ आर्क साडेअकरा तासांच्या थोडा वर चालतो. तिसरा सिलिंडर मी शनिवारी व्हॉल्व्ह बंद न करता सोडून गेलो. होजच्या जोडाला बारीक गळती होती. सोमवारी काटा शून्यावर. ना वास, ना रंग, कळणार कसं? तेव्हापासून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावतो.

जाड ॲल्युमिनियमसाठी हेलियमचं मिश्रण एकदा आणलं. उष्णता भरपूर, धातू झटकन वितळतो. पण आर्क पेटायला कुरकुरतो आणि हलका वायू वर पळतो म्हणून प्रवाह वाढवावा लागतो. माझ्या कामाला परवडत नाही. आर्गॉन हवेतच 0.93 टक्के असतो, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपट तरी. हवा द्रवरूप करून तो वेगळा काढतात. हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून येतो, म्हणून तो महाग.

आता टाकीबद्दल. एका उभ्या टाकीत आतून जोड मारत होतो. जेवून आल्यावर पुन्हा उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर दोरीला बांधून आत सोडला. तोंडाशी 20.6 टक्के. तळाकडे जाताना 19.5 च्या खाली कोकलायला लागला आणि शेवटी 14 वर थांबला. आर्गॉन हवेपेक्षा जवळजवळ 1.4 पट जड, तळाशी साचून बसतो. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. इथे तो श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे जीव घाबरत नाही, माणूस सरळ खाली बसतो. वाचवायला घाईने उतरणाराही तिथेच पडतो. आता ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडतो, वर एकाला उभं करतो, आणि मीटर पूर्ण वेळ खिशाला.

हा मीटर मी पाचव्या महिन्यात घेतला. त्याआधी अशाच दोन टाक्यांत तसाच उतरलो होतो.