पोस्टग्रेसक्यूएलमध्ये मराठी लोकॅल: काही महिने वापरल्यानंतर

मराठी नावांची मोठी यादी पोस्टग्रेसक्यूएल १६ या डेटाबेस सॉफ्टवेअरवर ठेवली आहे. कोलेशन (अक्षरांच्या क्रमवारीचे नियम) आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं, लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी. एवढ्या वापरानंतर मत पक्कं झालंय: मराठी लोकॅल घ्यावंच, फक्त डेटाबेस तयार करण्याआधी थोडं डोकं लावावं. कोलेशन त्याच वेळी ठरतं, नंतर सहजासहजी बदलत नाही. तारीख, चलन, संदेशांची भाषा यांचं तसं नाही, ती कधीही बदलता येते.

खरी मजा क्रमवारीत आहे. 'सी' हे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकॅल फक्त अक्षरांचे युनिकोड क्रमांक बघतं. त्यात ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, म्हणून 'बळ' आधी आणि 'बस' नंतर. क्षितिजा सापडते कौस्तुभच्या खाली, खंडूच्या वर. मराठी कोलेशनमध्ये ळ हच्या मागे जातो, त्यानंतर क्ष आणि ज्ञ, म्हणजे शब्दकोशात असतो तसा क्रम. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) वेगळं काही लिहावं लागत नाही.

डेटाबेस तयार करताना एक अडचण हमखास येते. लोकॅल वेगळं हवं असेल तर साचा म्हणून 'टेम्प्लेट०' द्यावा लागतो, नेहमीचा 'टेम्प्लेट१' चालत नाही. आयसीयू संपूर्ण डेटाबेससाठी वापरता येतं ते आवृत्ती १५ पासून (२०२२). आवृत्ती १० मध्ये ते फक्त कॉलमपुरतं किंवा क्वेरीपुरतं होतं.

आता डोकेदुखी. कोलेशनचे नियम बाहेरच्या लायब्ररीत असतात. ती अपडेट झाली आणि क्रम बदलला, की जुने इंडेक्स (पटकन शोधण्यासाठी बनवलेल्या सूची) चुकीचे ठरतात: ओळ टेबलात असते, पण शोधल्यावर सापडत नाही. २०१८ च्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ नंतर लिनक्सवर अनेकांना हे भोगावं लागलं. म्हणून आवृत्ती जुळत नसल्याची सूचना लॉगमध्ये दिसली की रीइंडेक्स करायचं (इंडेक्स नव्याने बांधायचे) आणि मगच कोलेशनची आवृत्ती रिफ्रेश करायची. उलट क्रमाने केलं तर सूचना गप्प होते, बिघाड तसाच राहतो.

'डेटस्टाइल' ही तारखेची सेटिंग लगेच 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) करून टाका. 'एमडीवाय' (महिना-दिवस-वर्ष) असताना २५/०४/२०२४ ला एरर येते, ते बरंच. पण ०५/०४/२०२४ निमूटपणे ४ मे होऊन बसते. रकमेसाठी 'मनी' प्रकार नको, त्याचं रूप 'एलसी मॉनेटरी' या चलनाच्या सेटिंगवर अवलंबून असतं आणि बॅकअप दुसरीकडे उतरवताना अडतं. 'न्यूमेरिक' बरा. लॉगची भाषा मी इंग्रजीच ठेवली आहे, एरर शोधायला तीच सोयीची.

'क%' अशा सुरुवातीच्या अक्षरांवरच्या शोधाला साधा इंडेक्स लागू होत नाही, त्यासाठी 'टेक्स्ट पॅटर्न ऑप्स'चा वेगळा इंडेक्स करावा लागतो. आणि तारखेचा मजकूर करणाऱ्या 'टू कॅर' फंक्शनमध्ये 'टीएम' लावलं की महिना मराठीत येतो (सिस्टीमवर मराठी लोकॅल हवं), आकडे मात्र इंग्रजीच. ते 'ट्रान्सलेट' फंक्शनने बदलतोय.