लिब्रेएनएमएस: दोन वर्षांच्या वापरानंतर, विजेच्या हिशेबासह

आमच्या महाविद्यालयाच्या नेटवर्कची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा त्या नेटवर्कचा नकाशा एकाच व्यक्तीच्या डोक्यात होता आणि ती व्यक्ती निवृत्त झालेली होती. चार इमारती, त्यांना जोडणारी फायबर, २६ स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेट्या), ४२ वायफाय ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रे) आणि पाच यूपीएस एवढा पसारा होता. पण कोणता स्विच कोणत्या कपाटामागे आहे, हे शिपाईमामांना विचारल्याशिवाय कळत नसे. अशा परिस्थितीत लिब्रेएनएमएस ही नेटवर्क देखरेखीची मुक्त प्रणाली मी बसवली आणि आता तिला दोन वर्षे होऊन गेली आहेत. हे परीक्षण मुख्यतः महाविद्यालये, लहान रुग्णालये, सहकारी संस्था अशा ठिकाणी एकट्याने नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मी ही प्रणाली केवळ बंद पडलेली यंत्रे शोधण्यासाठी वापरली नाही, तर वीज कुठे वाया जाते हे पाहण्यासाठीही वापरली, त्यामुळे लिहिण्याचा बराचसा भर त्या दुसऱ्या उपयोगावर राहणार आहे.

लिब्रेएनएमएसचा जन्म २०१३ सालचा. ऑब्झर्व्हियम नावाच्या आधीच्या प्रणालीचा परवाना बदलल्यावर, तिच्या जीपीएल या मुक्त परवान्याखालील शेवटच्या आवृत्तीपासून हा वेगळा प्रकल्प निघाला आणि तो आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. ती पीएचपीमध्ये लिहिलेली असून तिच्या सोबतीला मारियाडीबी हा डेटाबेस आणि आलेख साठवणारे आरआरडीटूल लागते. लिनक्सची सवय असलेल्या माणसाला ती उभी करायला एक दिवस पुरतो. सवय नसल्यास तयार डॉकर प्रतिमा (सगळे आत बसवूनच मिळणारे गाठोडे) घ्यावी, हे बरे. बसवताना काही चुकले, तर ‘व्हॅलिडेट’ ही आज्ञा चूक दाखवते आणि पुष्कळदा ती दुरुस्त करण्याची ओळही लिहून देते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एवढी माणुसकी क्वचित दिसते.

तिचे काम एसएनएमपी या प्रोटोकॉलवर चालते. १९८८ साली पहिल्यांदा मांडलेला हा प्रोटोकॉल इतका सर्वत्र रुजला आहे की व्यवस्थापनाची सोय असलेला स्विच, राउटर, यूपीएस किंवा कार्यालयातला प्रिंटर, बहुतेक कोणालाही त्यावरून प्रश्न विचारता येतो. लिब्रेएनएमएस दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारते: कोणत्या पोर्टवरून (केबल खोचण्याच्या खाचेतून) किती बाइट आले, किती गेले, किती चुकले, तापमान काय आहे. आलेली उत्तरे ती आलेखात मांडते. शेजारच्या यंत्रांची ओळख स्विच एकमेकांना देत असतात, ती वाचून प्रणाली जाळ्याचा नकाशाही स्वतः काढते. निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या डोक्यातला नकाशा मला पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो असा, आणि त्यात परीक्षा विभागाच्या माळ्यावरचा एक स्विच निघाला, ज्याची नोंद जडसंग्रह वहीत कुठेच नव्हती.

एक जुनी खोच मात्र सांगायला हवी. काही जुने स्विच एसएनएमपीची पहिलीच आवृत्ती बोलतात आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचा मोजक नाही. ३२ बिटांचा बाइट-मोजक १ गिगाबिटच्या भरधाव पोर्टवर सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला त्या अवधीत तो किती वेळा फिरला हे कळण्याचा मार्गच नसतो. अशा पोर्टचा आलेख छान दिसतो आणि खोटा असतो. दुसरी आवृत्ती चालू केल्यास हा प्रश्न सुटतो, परंतु तिथे सांकेतिक शब्द उघडाच प्रवास करतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे तिसरी आवृत्ती, आणि निदान ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला शब्द तरी बदललेला, एवढी शिस्त मी पाळते.

रोजच्या वापरात या प्रणालीने मला सर्वात मोठा हात दिला तो एका फायबरच्या बाबतीत. मुख्य इमारतीकडून परीक्षा विभागाकडे जाणाऱ्या दुव्यावर पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी महिनोन्‌महिने उणे ७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे माप; आकडा जितका खाली, तितका प्रकाश मंद) आसपास स्थिर होती. एका सोमवारी ती एकदम उणे १८ वर उतरली आणि तिथेच राहिली. दुवा चालू होता, कोणाचीही तक्रार नव्हती, पिंग, म्हणजे यंत्र उत्तर देते का याची चाचणी, व्यवस्थित होते. मी जाऊन पाहिले, तर रंगकामासाठी हलवलेले लोखंडी कपाट परत ठेवताना त्याचा पाय पॅच कॉर्डवर (फायबरच्या जोडणीच्या छोट्या तारेवर) आला होता आणि कॉर्ड काटकोनात मुडपली होती. कपाट चार बोटे सरकवल्यावर आलेख पूर्वपदावर आला. हीच गोष्ट निकालाच्या आठवड्यात तुटून कळली असती, तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

इशाऱ्यांच्या बाबतीत माझा पहिला महिना मात्र वाईट गेला, आणि त्यात दोष माझाच होता. आमच्या भागात देखभालीसाठी आठवड्यातून एकदा काही तास वीज बंद असते. पहिल्याच अशा दिवशी मुख्य स्विचचा यूपीएस दमला आणि माझ्या फोनवर टेलिग्रामचे ६१ संदेश एकापाठोपाठ येऊन पडले, कारण मुख्य स्विचच्या पलीकडचे प्रत्येक यंत्र बंद आहे, असे प्रणाली धरून चालली होती. कोणते यंत्र कोणावर अवलंबून आहे, हे प्रणालीला सांगण्याची सोय तिच्यात आहे. मी ती वाचलीच नव्हती. ती नीट भरल्यापासून मुख्य स्विच गेला की एकच संदेश येतो. यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकेल, हा आकडाही तिथेच दिसतो, त्यामुळे ‘मॅडम, नेट गेलंय का?’ असे मामा विचारायला येतात तोवर माझ्याकडे उत्तर तयार असते.

आता विजेकडे वळते. नेटवर्कची यंत्रे दिवसरात्र जळतात आणि त्यांचा वापर मात्र दिवसाचे काही तासच होतो, ही गोष्ट संशोधकांच्या ध्यानात येऊन बरीच वर्षे झाली. गुप्ता आणि सिंग यांनी २००३ च्या सिगकॉम या संगणक-नेटवर्कविषयक परिषदेत इंटरनेट हिरवे करण्याविषयीचा निबंध मांडला, त्यात रिकाम्या वेळी यंत्रांचे भाग झोपवावेत, हीच कल्पना होती. २०१० साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.३एझेड या मानकाने इथरनेटच्या पोर्टला निष्क्रिय क्षणी अल्प-ऊर्जा अवस्थेत जाण्याची सोय दिली. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या मंडळींनी इलॅस्टिकट्री हा प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात डेटा सेंटरमधली वाहतूक मोजक्या दुव्यांवर गोळा करून उरलेले स्विच बंद ठेवले जातात आणि नेटवर्कची निम्म्यापर्यंत ऊर्जा वाचवता येते, असे त्यांनी दाखवले. डेटा सेंटरची ही चैन आपल्याकडे नाही. तरीही मूळ सूत्र लहान जागी लागू पडते का, हे मला पाहायचे होते.

पहिला प्रयोग फसला. लिब्रेएनएमएसच्या पोर्टांच्या यादीत ‘बंद’ अशी चाळणी लावली की महिनोन्‌महिने कोणीही न वापरलेली पोर्टे समोर येतात. ती सगळी मी मोठ्या उत्साहाने स्विचमधून बंद केली आणि भिंतीवरच्या वॅटमीटरकडे पाहिले. काटा हलला नाही. मग एक जुना २४ पोर्टांचा स्विच टेबलावर घेऊन मोजला: एकही केबल नसताना २३ वॅट, सगळी पोर्टे जोडलेली असताना २९ वॅट. म्हणजे स्विच नुसता जागा राहण्यासाठीच बहुतेक सगळी वीज घेतो. पोर्टांचा वाटा किरकोळ. इलॅस्टिकट्रीवाले दुवे मोकळे करून थांबत नाहीत, अख्खे स्विच बंद करतात, याचे कारण मला तेव्हा नीट उमगले. त्यानंतर ग्रंथालयात शेजारी शेजारी बसलेले दोन स्विच पाहिले. दोहोंत मिळून १९ पोर्टे जिवंत होती. ती एकावर आणली आणि दुसरा उतरवला. वर्षाला सुमारे २०० युनिट वाचली, तीही एका दुपारच्या कामात.

वायफायचे प्रकरण जास्त फायद्याचे ठरले. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला किती मोबाइल आणि लॅपटॉप जोडलेले आहेत, याचा आलेख प्रणाली आपोआप काढते. महिनाभराचे आलेख एकावर एक ठेवले, तेव्हा वसतिगृह आणि कार्यालय सोडता उरलेल्या ३६ ठिकाणी रात्री आठ ते सकाळी सात या वेळात जोडलेल्यांची संख्या शून्य होती. एकदा दोन दिसली, ते रखवालदाराचे आणि त्याच्या मुलाचे फोन होते. (हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची ओळख-संख्या, दाखवतात, त्यामुळे माणसे मोजायला हा आलेख बिनकामाचा आहे. शून्य मात्र शून्यच असते.) एक ॲक्सेस पॉइंट सुमारे ७ वॅट घेतो असे धरले, तर ३६ ठिकाणचे २५२ वॅट, रात्रीचे ११ तास, म्हणजे वर्षाला हजारभर युनिट. आपल्या विद्युतजाळ्यात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात; हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्या प्राचार्यांनी तो हरित लेखापरीक्षणाच्या अहवालासाठी लगेच मागून घेतला.

इथेच या प्रणालीची मर्यादा स्पष्ट होते. ती पाहते, करत नाही. ॲक्सेस पॉइंटना वीज स्विचकडून केबलमधूनच मिळते; ती रात्री बंद करण्याचे काम प्रणालीने केलेले नाही, ते स्विचमधल्याच वेळापत्रकाने केले. स्विच केबलमधून एकूण किती वॅट वाटतो, हा आकडा प्रमाणित पद्धतीने विचारता येतो आणि लिब्रेएनएमएसमध्ये स्वतःचा ओआयडी (एसएनएमपीत विचारायच्या आकड्याचा क्रमांक) जोडण्याची सोय असल्याने तो मी आलेखात आणला. परंतु एका पोर्टवर किती वॅट जातात, हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने सांगते, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असलेल्या ठिकाणी तो आकडा मिळवताना डोके उठते. जुन्या नोंदींची सरासरी होत जाते, हीदेखील खोट आहे. कालचा पाच मिनिटांचा झटका दिसतो, गेल्या वर्षीचा दिसत नाही. त्यामुळे पुराव्यादाखल हवे असलेले आलेख त्या त्या आठवड्यात उतरवून ठेवावे लागतात. आणि ‘नेट मंद आहे, नक्की कोण व्हिडिओ पाहतंय?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही, कारण पोर्टवरून किती गेले एवढेच तिला ठाऊक असते, काय गेले हे नाही. मला व्यक्तिशः याचे वाईट वाटत नाही.

पडदा मात्र गजबजलेला आहे. एका यंत्राचे पान उघडले की टॅबची रांग, रांगेत आणखी रांग, आणि हवा तो आलेख चौथ्या टिचकीवर. फोनवर हेच पान उघडले तर बोटाने नेमके काय दाबले गेले, याची खात्री राहत नाही. फोनचा उपयोग मी इशारे वाचण्यापुरताच ठेवला आहे. सर्व्हरांच्या पोटात शिरून प्रक्रिया, डेटाबेस, लॉग असे सगळे पाहायचे असेल, तर लॅटव्हियातून आलेले झॅबिक्स हे देखरेखीचे दुसरे सॉफ्टवेअर अधिक समर्थ आहे. परंतु स्विच आणि वायफाय हाच मुख्य कारभार असलेल्यांना झॅबिक्समध्ये जे मांडून घ्यावे लागते, ते इथे यंत्र जोडताक्षणी तयार मिळते. अद्ययावत होण्याची मूळ रचना रोजची आहे, म्हणजे विकासकांनी काल लिहिलेले आज तुमच्याकडे येते. ज्यांना तेवढी घाई नाही, त्यांनी स्थिर आवृत्तीची वाट निवडावी. मी दुसऱ्याच आठवड्यात ती निवडली.

ही प्रणाली कोणत्या यंत्रावर चालवावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. सुरुवातीला ती प्रयोगशाळेतल्या जुन्या टॉवर सर्व्हरवर होती आणि तो एकटा १४० वॅट खात होता. जवळपास ७० यंत्रांची पाच मिनिटांनी विचारपूस करायला एवढ्या ताकदीची काहीच गरज नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना छोटा मिनी पीसी आणला, त्यात एसएसडी घातली. तो १४ वॅटवर तेच काम करतो. फरक वर्षाला सुमारे १,१०० युनिटांचा, म्हणजे रात्रीचे सगळे वायफाय बंद करून जेवढे वाचले त्याहूनही थोडा जास्त. देखरेख करणारेच यंत्र वाचवलेली वीज गिळत बसले होते आणि मी मात्र रिकाम्या पोर्टांच्या मागे लागले होते. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही प्रणाली चालते, परंतु आलेखांच्या फायली सतत लिहिल्या जात असल्याने मेमरी कार्ड लवकर झिजते. पाय वापरायचाच असेल, तर बाहेरची एसएसडी जोडावी.

दहा-बारा यंत्रांचे कार्यालय असेल, तर हा खटाटोप करू नये. त्याहून मोठे, अनेक इमारतींत विखुरलेले आणि विशेषतः रात्री ओस पडणारे नेटवर्क असेल, तर ही प्रणाली जरूर बसवावी आणि तिच्यासोबत तीनएकशे वॅटपर्यंत अचूक दाखवणारा एक साधा वॅटमीटरही घ्यावा. ग्रंथालयातला उतरवलेला स्विच अजून त्याच रॅकमध्ये आहे. त्याचे दिवे विझलेले पाहून पहिल्या आठवड्यात चार वेगवेगळ्या माणसांनी त्याची पिन परत बोर्डात खोचली. शेवटी मामांनीच त्यावर कागद चिकटवला: ‘मुद्दाम बंद आहे. नेट चालू आहे. हात लावू नये.’