दोन सुटका, दोन माहितीपट

१३ जून २००५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मारियाच्या न्यायालयात मायकल जॅक्सनची बालकाच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यातील सर्व १४ आरोपांतून सुटका झाली. बरोबर तीन वर्षांनी, १३ जून २००८ रोजी, शिकागोत गायक आर. केलीही बालअश्लीलतेच्या १४ आरोपांतून सुटला. (जॅक्सनचे १९९५ चे गाजलेले ‘यू आर नॉट अलोन’ हे गीत केलीनेच लिहिले होते.) २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत या दोघांवरचे माहितीपट अमेरिकी दूरचित्रवाणीवर आले. न्यायालयाने सोडून दिलेल्या कलावंताविषयी माहितीपटाने किती ठामपणे बोलावे आणि त्या ठामपणासाठी पुरावा कोठून आणावा, हा पेच दोन्हींपुढे होता. तो त्यांनी फार वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे.

‘सर्व्हायव्हिंग आर. केली’ ही लाइफटाइम वाहिनीची सहा भागांची मालिका, आणि तिची सूत्रे ड्रीम हॅम्प्टन यांच्याकडे होती. दृश्यभाषेच्या दृष्टीने ती सामान्य आहे: प्रत्येक जाहिरातीनंतर मागचेच पुन्हा सांगणे, भीती वाढवणारे पार्श्वसंगीत, जुन्या चित्रफितींची सढळ पेरणी. तरीही ती प्रभावी ठरते, कारण तिने साक्षीदारांचे जाळे दूरवर टाकले आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबरोबर त्यांचे आईवडील, केलीचे भाऊ, माजी कर्मचारी, पत्रकार आणि मानसशास्त्रज्ञ असे सगळे येथे बोलतात; मोठ्या गायकांपैकी जॉन लेजंड पुढे आला, हेही नोंदवण्याजोगे आहे. १९९४ साली २७ वर्षांच्या केलीने १५ वर्षांच्या आलिया या गायिकेशी लग्न केले, तेव्हा कागदपत्रांत तिचे वय १८ दाखवण्यात आले होते. ती खोटी कागदपत्रे तयार करण्यात आपला हात होता, असे त्याचा एक जुना सहकारी कॅमेऱ्यासमोर सांगतो. आरोप एका माणसावर असला, तरी गाड्या चालवणारे, दारे उघडणारे आणि कागद रंगवणारे अनेक जण होते, हे त्यातून कळते.

मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस मात्र यांपैकी कोणी नाही. तो आहे २००८ च्या खटल्यात निकाल देणाऱ्या ज्यूरीतील एक सदस्य. साक्ष देणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे कपडे आणि वागणे आपल्याला पटले नाही, म्हणून त्यांच्या सांगण्यावर आपण विश्वास ठेवला नाही, असे तो अगदी सहज, कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. दिग्दर्शकांनी त्यावर एकाही तज्ज्ञाचे भाष्य जोडले नसते, तरी चालले असते. निर्दोष सुटका म्हणजे नेमके काय आणि ती कशी घडून येते, हे त्या दोन मिनिटांत जितके स्पष्ट होते तितके बाकीच्या पाच तासांत होत नाही.

एके ठिकाणी मात्र मालिका घसरते. केलीच्या सहवासात असलेल्या आपल्या मुलीला परत आणण्यासाठी एक आई हॉटेलात जाते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग जातो. हेतू चांगला असेल. पण ज्या मुलीने तोवर स्वतःहून तोंड उघडलेले नव्हते, तिच्या आयुष्यातील तो क्षण प्रेक्षकांची उत्कंठा वाढवण्यासाठी वापरला गेला, ही बाब मला खटकली. साक्ष नोंदवणे आणि घटना घडवून आणणे यांतील अंतर तेथे पुसले जाते.

परिणामाच्या बाबतीत ही मालिका अपवादात्मक म्हणावी लागेल. जानेवारी २०१९ मधील प्रसारणानंतर काही दिवसांतच, शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीच्या तेव्हाच्या मुख्य सरकारी वकील किम फॉक्स यांनी पीडितांना पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले, त्याच महिन्यात ध्वनिमुद्रण कंपनीने केलीशी संबंध तोडले आणि फेब्रुवारीत नवे आरोप दाखल झाले. पुढे ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात २०२१ मध्ये तो दोषी ठरला आणि २०२२ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली.

जॅक्सनवरचा डॅन रीड यांचा ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ चित्रपट म्हणून कितीतरी सरस आहे. सुमारे चार तासांत, बालपणी जॅक्सनने आपले लैंगिक शोषण केले असे सांगणारे वेड रॉबसन आणि जेम्स सेफचक हे दोन पुरुष व त्यांचे कुटुंबीय, एवढेच लोक बोलतात. घाई कोठेही नाही. विशेषतः दोन्ही आयांचे भाग मन लावून पाहावेत. प्रसिद्धीच्या झोतात सावधपणा कसा विरघळत जातो, हे त्या स्वतःला न वाचवता सांगतात. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात शिव उद्योग सेनेने जॅक्सनचा कार्यक्रम घडवून आणला आणि तो ‘मातोश्री’वरही जाऊन आला, तेव्हा त्याच्यावरील पहिल्या आरोपाबाबत झालेल्या न्यायालयाबाहेरील तडजोडीला तीन वर्षेही झाली नव्हती. त्या दिवशीची मुंबई ज्यांना आठवते, त्यांना या आयांकडे केवळ परक्या म्हणून पाहणे अवघड जाईल.

परंतु याच एकाग्रतेत माहितीपटाची उणीवही दडलेली आहे. जॅक्सन २००९ मध्ये मरण पावला. तो उत्तर देऊ शकत नाही, आणि आरोप फेटाळणाऱ्या त्याच्या इस्टेटीची (म्हणजे त्याच्यामागे त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांची) बाजू येथे जवळजवळ नाही. रॉबसन यांनी २००५ मध्ये जॅक्सनच्या बाजूने शपथेवर साक्ष दिली होती. ती का दिली, हे ते सविस्तर सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. पण उलट प्रश्न विचारणारा तेथे कोणी नाही. सेफचक यांच्या कथनानुसार अत्याचार १९९२ पर्यंत झाले, आणि नेव्हरलँड या जॅक्सनच्या निवासस्थानातील ज्या रेल्वे स्थानकाचा ते उल्लेख करतात, त्याच्या बांधकामाची परवानगी १९९३ मधली निघाली. बालपणीच्या आठवणीत एखादे वर्ष सरकल्याने सारे कथन खोटे ठरत नाही. तथापि ही तपासणी चित्रीकरणाच्या वेळीच झाली असती, तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले नसते. नेव्हरलँडवरून घिरट्या घालणारी हवाई दृश्ये कमी करून तो वेळ या कामाला देता आला असता.

या चित्रपटाला एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला, तरी जॅक्सनच्या १९९२ च्या बुखारेस्ट येथील कार्यक्रमाच्या करारात त्याची बदनामी न करण्याचे कलम होते आणि त्याच्या आधारे इस्टेटीने हा चित्रपट दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीला न्यायालयात खेचले. २०२४ मध्ये तो एचबीओच्या सेवेवरून हटवण्यात आला. रॉबसन आणि सेफचक यांचे दिवाणी दावे मात्र कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा जिवंत केले.

एकच पाहायचा असेल, तर केलीवरील मालिकेचा पहिला हंगाम पाहावा, विशेषतः खटल्याचा भाग. रीड यांचा चित्रपट मिळाला, तर तो एकट्याने आणि दोन बैठकांत पाहावा. त्यातील वर्णने फार उघड आहेत, तेव्हा मुले घरात असताना तो लावू नये.