गच्चीवरील भाजीपाल्यासाठी १७ जीएसएमचे क्रॉप कव्हर : एका हंगामाच्या वापरानंतर

नाशिकमध्ये गच्चीवर भाजीपाला करणाऱ्याला हिवाळा दोन बाजूंनी गाठतो. दिवाळीच्या सुमारास टोमॅटो-मिरचीवर पांढरी माशी आणि फुलकिडे दिसू लागतात आणि पुढे निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडेही रोपांची वाढ थबकते. कलिंगड आणि मिरची उत्पादक शेतकरी लागवडीनंतर रोपांवर जे पांढरे, विणकाम नसलेले पॉलिप्रॉपिलीनचे कापड घालतात, तेच १७ जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे क्रॉप कव्हर मी ऑक्टोबरमध्ये कृषी सेवा केंद्रातून आणले आणि मार्चपर्यंत वापरले. विक्रेत्याने 'फवारणीची गरजच राहणार नाही' असे सांगितले होते. ते अर्धेच खरे आहे.

थंडीपासून मिळणाऱ्या संरक्षणाबाबत माझे मत चांगले आहे. कमाल-किमान तापमापक एक कव्हरच्या आत आणि एक बाहेर ठेवून पाहिल्यावर निरभ्र, वारा नसलेल्या रात्री आतले किमान तापमान दीड ते दोन अंशांनी जास्त राहिले. ढगाळ रात्री मात्र फरक जवळपास नव्हता. याचे कारण उघड आहे. निरभ्र रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात, आणि कापड त्या ऱ्हासाला आडवे येते. कापड स्वतः उष्णता निर्माण करत नसल्यामुळे ते सूर्यास्तापूर्वी, माती आणि स्लॅब गरम असतानाच, कडा खाली दाबून बंद करावे लागते. जेवणे आटोपल्यावर गच्चीवर जाऊन पांघरले तर फारसे हाती लागत नाही. आधारासाठी ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीत जाड तार घालून कमानी केल्या होत्या. ज्या कमानी बुटक्या होत्या, तेथे कापडाला टेकलेले वांग्याचे शेंडे कडाक्याच्या थंडीत काळे पडले आणि त्याच झाडाची वीतभर खालची पाने हिरवीगार राहिली. म्हणून कमान झाडापेक्षा निदान वीतभर उंच हवी.

किडींच्या बाबतीत हिशेब पिकागणिक बदलतो. कोबी, नवलकोल, मेथी, पालक यांना हे कव्हर सर्वांत मानवले, कारण या भाज्यांना परागीभवनाची गरज नसते आणि काढणीपर्यंत त्या झाकून ठेवता येतात. कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी या हंगामात जवळजवळ दिसलीच नाही. टोमॅटोच्या कोवळ्या रोपांनाही मोठा लाभ झाला. पांढरी माशी पाने आकसवणारा विषाणू आणते, आणि एकदा झाड रोगट झाले की त्यावर उपाय नसतो, ते उपटूनच टाकावे लागते. त्यामुळे लागवडीपासून फुलोऱ्यापर्यंत माशी रोखली तरी बरेच साधते. टोमॅटोच्या फुलात स्वपरागीभवन होत असल्याने फुलोऱ्यानंतरही कव्हर ठेवता येते, फक्त आत वारा पोहोचत नसल्यामुळे सकाळी फुलांचे घोस हलकेच हलवावे लागतात. काकडी आणि दुधी यांच्यावरून मात्र पहिली मादी फुले दिसताच कव्हर काढलेच पाहिजे, नाहीतर मधमाश्यांअभावी कोवळी फळे पिवळी पडून गळतात.

विक्रेते जे सांगत नाहीत ते असे, की कव्हर बाहेरची कीड अडवते आणि आतली कोंडून ठेवते. फुलकिड्यांचे कोष मातीत असतात, नागअळीचेही बरेचसे मातीतच पडतात. त्यामुळे गेल्या हंगामातील मिरचीची माती न बदलता तिच्यावर कव्हर घातलेल्या कुंड्यांत फुलकिडे उघड्या कुंड्यांपेक्षा लवकर वाढले. मावा तर आत फारच सुखात राहतो, कारण त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच राहतात. एका वाफ्यातले कापड उचलून पालकाची पाने उलटली, तेव्हा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना माव्याची हिरवट रांग आणि चिकट चकाकी दिसली. वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता. तेव्हापासून आठवड्यातून एकदा कापड पूर्ण उचलून पाने उलटून पाहणे आणि आवश्यक तेथे ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारणे हा क्रम ठेवला. दव आतल्या बाजूने साचून टोमॅटोच्या खालच्या पानांवर करपा दिसू लागल्याने सकाळी ऊन आल्यावर तासभर एक बाजू उघडी ठेवण्याचीही सवय करावी लागली. ज्यांना रोज गच्चीवर जाणे जमत नाही, त्यांनी हे कव्हर फक्त पालेभाज्यांपुरतेच घ्यावे, असे मला वाटते.

टिकाऊपणा बेताचा आहे. गच्चीवरचा वारा शेतापेक्षा जास्त झोंबतो आणि कापड नेमके चिमट्यापाशी फाटते. चिमट्याखाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा ठेवल्यावर हे बरेच थांबले. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी आत इतके गरम होऊ लागले की टोमॅटोची फुले गळू लागली, म्हणून दिवसा कव्हर काढून टाकले. मार्चमध्ये दक्षिणेकडच्या कडेचे कापड बोटांत चुरगळून त्याचे धागे सुटू लागले होते. असे तंतू मातीत मिसळू देणे योग्य नसल्याने तेवढी पट्टी कापून वेगळी केली आणि उरलेले कापड धुऊन, सावलीत वाळवून गुंडाळून ठेवले आहे. १.६ मीटर पन्ह्याचे कापड माझ्या वाफ्यांना जेमतेम पुरते, कारण कमानींच्या उंचीतच बरेच खर्ची पडते; पुढच्या वेळी ३.२ मीटर पन्ह्याचे घेईन.