बाटलीवर फुल्ली सिंथेटिक, आत भलतंच

गेल्या चवथीच्या आधीची गोष्ट. मी म्हापशात राहतो, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. रोज मोटारसायकलने पर्वरी, मांडवीचा पूल, बांबोळी, जुवारीचा पूल, कुठ्ठाळीचा चढ आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. गाडी दीडशे सीसीची, एक लिटर ऑइल घेणारी. पावसानंतर ऑइल बदलायचं होतं आणि मनात एकच घोळ होता: सेमी सिंथेटिक, म्हणजे खनिज तेलात सिंथेटिक मिसळलेलं, घालू की ह्या वेळी फुल्ली सिंथेटिक?

माझे नेहमीचे मेकॅनिक काका आठवडाभर गावी गेले होते. चवथीच्या गर्दीत सगळी गॅरेजं भरलेली, म्हणून हमरस्त्यालगतच्या एका दुकानात गेलो. पुढे स्पेअर पार्ट्स, मागे गॅरेज. दुकानदार बोलायला गोड. "भाऊ, रोज वेर्णा म्हणजे तुमचं इंजिन किती तापतं! सेमी टिकणार नाही. फुल्ली घाला, दहा हजार किलोमीटर बघायला नको." ऑइलचे ९५०, 'फ्लशिंग'चे २००, मजुरीचे १५०. मी तयार झालो. "तुम्ही चहा घेऊन या," म्हणाला.

चहा घेऊन आलो तर ऑइल घालून झालेलं. त्याने रिकामी बाटली दाखवली, लेबल अगदी झकास, आणि लगेच मागे ठेवून दिली. झाकण कुणी, कधी उघडलं ते मी पाहिलं नाही. बिलावर एकच शब्द होता: सर्व्हिसिंग.

पहिले चार-पाच दिवस गाडी लोण्यासारखी चालली. इथेच माणूस फसतो, कारण जुनं काळं ऑइल काढून कुठलंही नवं घातलं की गाडी काही दिवस हलकी वाटतेच. दोन आठवड्यांनी कुठ्ठाळीहून वेर्ण्याचा चढ चढताना इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी पुढे ओढेना. ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढे, वेग तेवढाच. मागून ट्रक येत होता. त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

काका परत आले होते. त्यांनी ड्रेन बोल्ट काढला, ऑइल मोजपात्रात घेतलं. एक लिटरच्या जागी पाऊण लिटरही भरलं नाही, आणि गळती कुठेच नव्हती. दोन बोटांत चोळून ते म्हणाले, "अरे बाबा, हे मोटारसायकलचं ऑइल नव्हे. क्लच घसरणारच."

हे त्यांनी मला नीट समजावलं, आणि ते प्रत्येक मोटारसायकलवाल्याला ठाऊक असावं असं मला वाटतं. कारमध्ये इंजिनाचं ऑइल क्लचला लागत नाही. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलात बुडालेले असतात. कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, तीच क्लच प्लेटींची पकड घालवतात. म्हणून बाटलीवर 'जासो' ह्या जपानी मानकाचा शिक्का बघायचा: मोटारसायकलसाठी एमए किंवा एमए२. एमबी असेल तर ते ओला, म्हणजे ऑइलात बुडालेला, क्लच नसलेल्या स्कूटरचं. हे सेमी असो वा फुल्ली, दोन्हींना सारखंच लागू. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) आणि एमए एवढंच लिहिलंय, सिंथेटिकचा आग्रहच नाही. मी ती पुस्तिका कधी उघडली नव्हती.

फुल्ली सिंथेटिक वाईट असतं असं मी म्हणत नाही. ते उष्णता जास्त सोसतं, उशिरा खराब होतं. कडक थंडीत चटकन वाहणं हा त्याचा दुसरा मोठा गुण, पण गोव्यात आपल्याला तो काय कामाचा? आणि दहा हजारांचं म्हणाल तर ऑइल कधी बदलायचं ते गाडीची कंपनी ठरवते, दुकानदार नव्हे. नावांचंही तसंच. 'सेमी'मध्ये सिंथेटिक भाग किती टक्के असावा ह्याचं ठरलेलं प्रमाण नाही. खनिज तेलावरच जबर प्रक्रिया करून केलेलं ऑइलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. अमेरिकेत १९९९ साली जाहिरातींच्या एका वादात तो शब्द त्याला वापरायला मोकळीक मिळाली आणि पुढे ती चाल रूढ झाली. म्हणजे जास्तीचे पैसे मी एका शब्दाचे दिले, आणि बाटलीत तर तेही नव्हतं.

क्लच प्लेटी बदलायला मजुरीसकट १,८५० रुपये गेले. दुकानात विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्ही क्लच दाबून चालवता, त्याला मी काय करू?" मागच्या भिंतीला त्याच ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, झाकणांसकट. भंगारात द्यायच्या बाटल्यांची झाकणं एवढी जपून का ठेवली असतील?

मग मेव्हण्याला त्याच दुकानातून तीच बाटली आणायला पाठवलं आणि दुसरी अधिकृत विक्रेत्याकडून मी आणली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. विक्रेत्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना खालची कडी कडकन तुटली, आत तोंडावर फॉइल चिकटलेलं. दुकानातल्या बाटलीची कडी आधीच सुटलेली, फॉइल नाही, आणि तळाचा बॅच नंबर व उत्पादनाचा महिना पुसट केलेला. उत्पादनाचा महिना-वर्ष पाकिटावर छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सगळ्याच कंपन्या फॉइल लावत नाहीत, तेव्हा तुमच्या ब्रँडची खरी बाटली एकदा हातात घेऊन तिचं झाकण कसं असतं ते बघून ठेवा.

मेव्हण्याने ह्या वेळी बिल नीट करून घेतलं होतं: ब्रँड, ग्रेड, किंमत, सगळं. माझ्या 'सर्व्हिसिंग'च्या चिठ्ठीवर काही सिद्ध करता आलं नसतं. त्या बिलाच्या आधारे आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ ह्या नंबरवर, तक्रार नोंदवली, ऑइल कंपनीलाही दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलेलं नाही.

आता ऑइल मी स्वतः आणतो, सेमी सिंथेटिक, एमए२ बघून. झाकण काकांसमोर मी उघडतो, आणि रिकामी बाटली भंगारात द्यायच्या आधी तळाला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो. परवा म्हापशाच्या बसस्टँडवरच्या एका पायलटाला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, हे सगळं सांगितलं. दिवसभर भाडी मारणारा माणूस, क्लच गेला की त्या दिवसाची कमाई गेली. त्याने निमूटपणे डिकीतून कालच घेतलेली बाटली काढली आणि झाकणाची कडी बघायला लागला. ती सुटलेली होती.