दुसरं ग्राफिक्स कार्ड जोडण्याऐवजी एकच मोठं घेतलं : आठ महिन्यांनंतर

भुसावळला लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दिवाळीपर्यंत जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) वापरत होतो, त्याची स्वतःची मेमरी ६ जीबी. घोडं अडायचं ते हळदीच्या रात्रीपाशी. अंगणात दोन हॅलोजन, कॅमेऱ्याचा आयएसओ वर चढलेला, नवरीच्या गालावरच्या हळदीत नुसते दाणे. ते घालवायला दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन (मागच्या-पुढच्या फ्रेम ताडून दाणे काढणं) लावलं की ४के टाइमलाइनवर जीपीयूची मेमरी भरल्याचा मेसेज यायचा आणि रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) तिथंच थांबायचा.

अमळनेरचा एक मित्र म्हणाला, "भाऊ, माझं अस्संच कार्ड पडून आहे. महिनाभर लावून बघ, जमलं तर दहा हजार दे." ऑक्टोबरभर दोन्ही कार्डं लावून काम केलं, म्हणून दोन्ही बाजू स्वतः पाहिलेल्या आहेत.

१६६० सुपरला एसएलआयची (दोन कार्डं एकमेकांना जोडून चालवायची) सोय नाही, पण रिझॉल्व्हला ती लागतही नाही. त्याची विकतची स्टुडिओ आवृत्ती दोन्ही कार्डं आपणहून कामाला लावते. मोफत आवृत्ती विंडोजवर एकच कार्ड वापरते. ती वापरत असाल तर दुसऱ्या कार्डावर पैसे घालूच नका. माझा वेग वाढला, हे खरं. वीस मिनिटांच्या हळदीला पावणेदोन तास लागायचे, ते सव्वा तासावर आले. निम्मे काही झाले नाहीत. कारण माझ्या बी४५० मदरबोर्डावर दुसऱ्या स्लॉटला डेटा ये-जा करायच्या चारच लेन मिळतात, त्याही थेट प्रोसेसरकडून नाही, चिपसेटमधून फिरून.

पण मेमरीची बेरीज होत नाही, आणि हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. ६ आणि ६ मिळून १२ होत नाहीत. प्रत्येक कार्डाला आपलं काम आपल्याच ६ जीबीत बसवावं लागतं. ज्या मेसेजसाठी एवढा खटाटोप केला, तो जसाच्या तसा येत राहिला.

शिवाय उष्णता. दोन कार्डांमध्ये जेमतेम दोन बोटांची फट. खालच्याची गरम हवा वरच्याचे पंखे ओढणार. ऑक्टोबरच्या उन्हातच वरचं कार्ड ८३ अंशांना जाऊन स्पीड कमी करू लागलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे चाललं नसतं. माझा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा रेंडर लावला की ओव्हरलोडची शिट्टी द्यायचा.

शेवटी आरटीएक्स ४०७० घेतलं, १२ जीबी, सुमारे ५५ हजार. एवढ्यावर भागलं नाही. कंपनी ६५० वॉटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) सांगते, माझा ५५० चा होता, तो बदलला. कार्ड लांब असल्यामुळे कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला. घेण्याआधी आतली जागा टेपनं मोजा. वीज मात्र कमी लागते : दोन जुनी कार्डं मिळून २५० वॉट, हे एकटं २००. यूपीएसची शिट्टी बंद झाली.

तीच हळद आता पस्तीस मिनिटांत होते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पाच लग्नं एकदम अंगावर आली होती. पाचही हळदी नॉइज रिडक्शनसकट निघाल्या, मेमरीचा मेसेज एकदाही आला नाही. मे महिन्यात भर दुपारी कार्ड ७४ अंशांपर्यंत गेलं. कूलरचा थेट झोत कॅबिनेटवर घेत नाही, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. जाळी पंधरा दिवसांनी ब्रशनं झाडतो.

एक उणीव रोज खटकते. माझा नवा कॅमेरा एच.२६५ मध्ये १० बिट ४:२:२ (जास्त रंगमाहितीचा) व्हिडिओ देतो, आणि या पिढीचं कार्ड तो डिकोड करत नाही, म्हणजे उलगडून दाखवत नाही. माझ्या रायझेन ५६००एक्स प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे आधी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवाव्या लागतात. तुमचाही कॅमेरा तसा असेल तर आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड बघा, त्यात ही सोय आहे.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स रेंडररवर बंगल्यांचे थ्रीडी करणाऱ्यांना दुसरं कार्ड खरंच उपयोगी पडेल, सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर. एडिटिंगवाल्यांना मी ते सुचवणार नाही.

मित्राचं कार्ड त्याला परत दिलं. माझं जुनं १६६० धाकट्या भावाच्या मशीनमध्ये बसवलंय. तो त्यावर अल्बमची पानं लावतो, आणि त्या कामाला ते पुरून उरतं.